बाराशे कोटी आणि बारा

शाळेच्या संस्थेच्या अध्यक्षांचा वाढदिवस आणि विज्ञान दिन एकाच आठवड्यात येतात. त्यामुळे आमच्या धावड्याच्या शाळेत दोन्ही समारंभ एकाच मांडवात उरकतात आणि हार एकदाच आणावे लागतात. या वर्षी मांडवामागच्या फ्लेक्सवर एक दीर्घिका होती. अवकाशातल्या दुर्बिणीने काढलेल्या छायाचित्रांत पुण्याच्या दोघा खगोलशास्त्रज्ञांना ती सापडल्याची बातमी काही महिन्यांपूर्वी पेपरात आली होती. फ्लेक्स छापणाऱ्याने तिचं चित्र नेटवरून उतरवून घेतलं आणि तिच्या बरोबर मध्यभागी, जिथं ताऱ्यांची सगळ्यात दाट गर्दी असते, तिथं अध्यक्षांचा चेहरा बसवला. दोन सर्पिल भुजा अध्यक्षांच्या दोन कानांमागून निघून, गोल वळसा घेत, उपाध्यक्ष आणि सचिव यांच्यापर्यंत पोचत होत्या. खाली कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा माझा फोटो होता आणि त्याखाली ‘सुप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ’ असं लिहिलं होतं. मी जालन्याच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालो. निवृत्तीनंतर मिळालेली ही माझी एकमेव बढती.

धावडा माझं गाव असलं तरी मी आता बदनापूरला राहतो. गावातल्या घरात माझी वहिनी, तिचा मुलगा म्हणजे माझा पुतण्या, त्याची बायको आणि मुलं असतात. भाऊ नसतो. यापेक्षा जास्त काही मी त्याच्याबद्दल बोलत नाही, कारण यापेक्षा जास्त आम्हाला माहीत नाही. बारा वर्षांपूर्वी एका अंगारकीला तो पुतण्याबरोबर राजूरच्या गणपतीला गेला. दोघं दर्शनाच्या रांगेत उभे होते. नारळ घ्यायचा राहिला, म्हणून पुतण्या रांगेतून बाहेर पडून दुकानाकडे गेला. परत आला तेव्हा रांग पुढं सरकली होती आणि तिच्यात भाऊ नव्हता. पुढं असेल म्हणून तो गाभाऱ्यापर्यंत गेला, मागं असेल म्हणून रांगेच्या शेपटापर्यंत आला. संध्याकाळी गर्दी ओसरली तेव्हा मंदिराबाहेर चपलांच्या ढिगातून भावाच्या चपला निघाल्या. टायरच्या तळव्याच्या, भोकरदनच्या मोच्याकडून शिवून घेतलेल्या. पोलिसांनी त्यांची नोंद घेतली, पण त्यावरून काही निष्कर्ष काढला नाही. अंगारकीला राजूरहून माणसं दुसऱ्याच्या चपला घालून घरी येतात, त्यात नवल असं काही नाही.

पुढं पोस्टरं लागली, नातेवाईक पार नांदेड-परभणीपर्यंत फिरले, कोणी अंगात येणाऱ्यालाही विचारून आलं. काही झालं नाही. भाऊ साठीच्या आसपास होता, कर्ज नव्हतं, भांडण नव्हतं, आजार नव्हता. गावाला कारण सापडलं नाही, आणि कारण नसलेली गोष्ट गाव फार दिवस बोलू शकत नाही. ती घरात राहते.

तर विज्ञान दिन. अध्यक्ष पस्तीस मिनिटं विज्ञानाविषयी, म्हणजे स्वतःविषयी बोलले. त्यानंतर मला दहा मिनिटं मिळाली. मी म्हटलं, ही दीर्घिका आपल्या आकाशगंगेसारखीच चक्राकार आहे. तिला दोन नीटस भुजा आहेत. नवल ते हे, की ती फार लहान वयाची आहे. विश्व नुकतंच सुरू झालं होतं, त्या काळात दीर्घिका वेड्यावाकड्या, ढेकळासारख्या असाव्यात अशी शास्त्रज्ञांची समजूत होती, आणि ही तर इतक्या लवकर नीट मांडून बसलेली. म्हणून शोध लावणारेच आधी चकित झाले. तिला त्यांनी हिमालयातल्या एका नदीचं नाव दिलं आहे.

“आमच्या रायघोळीचं का न्हाई दिलं?” मागून कोणीतरी विचारलं.

“त्या नदीला पाणी असतं म्हणून,” दुसऱ्याने परस्पर उत्तर दिलं. सभा हसली. मी म्हणणार होतो त्यापेक्षा ते चांगलं होतं.

मग मी अंतर सांगितलं. या चित्रातला प्रकाश तिथून निघाला त्याला बाराशे कोटी वर्षं झाली. तेव्हा पृथ्वीही नव्हती. अध्यक्षांनी मान डोलावली, जणू त्यांच्या कारकिर्दीतच तो निघाला होता. पुढच्या रांगेतल्या एका शेतकऱ्याने हात वर केला.

“सर, मंग तिथं आत्ता काय चालू हाय?”

हा प्रश्न मला दर वर्षी, दर वर्गात कोणी ना कोणी विचारायचं, आणि त्याचं उत्तर माझ्या तोंडात तयार असायचं. मी म्हटलं, “ते कोणालाच सांगता येत नाही. आपण पाहतो ते तेव्हाचं. आत्ता तिथं काय आहे, हे जगातला कोणताही माणूस सांगू शकत नाही.”

बायकांच्या सतरंजीवर, खांबाला टेकून, वहिनी बसली होती. पदर डोक्यावरून घेतलेला, कपाळाला मोठं कुंकू. ती भाषणाला कधी येत नाही. पुतणसून आग्रह करून घेऊन आली होती. माझं वाक्य संपलं तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं तिला बरं वाटत नाहीये.

त्या कुंकवाबद्दल सांगायला हवं. भाऊ गेल्यापासून वहिनीने ते काढलं नाही, मंगळसूत्र काढलं नाही, वटपौर्णिमेचा उपास मोडला नाही. गावाने तिला काही म्हटलं नाही. पण हळदीकुंकवाला बाया रांगेने बसलेल्या असतात, यजमानीण एकेकीच्या कपाळाला बोट लावत येते, आणि वहिनीसमोर आली की तिचं बोट जरासं हवेत थांबतं. तेवढंच. मग लागतं. मी हे एकदा दारातून पाहिलं. बोट थांबतं तेवढा वेळ वहिनी डोळे मिटून घेते. गावातल्या सगळ्या शिष्टाचारांत एवढा सभ्य आणि एवढा क्रूर दुसरा मी पाहिलेला नाही.

कार्यक्रमानंतर घरी जेवलो. ताटं उचलल्यावर पुतण्या मला मागच्या अंगणात घेऊन गेला. तिथं मक्याचा ढीग होता. शाळेने फ्लेक्स काढल्या काढल्या त्याने ते मागून आणलं होतं आणि आता तो ते ढिगावर पसरत होता. आमच्याकडे फ्लेक्सचं खरं आयुष्य समारंभानंतर सुरू होतं.

“काका, एक काम हाय तुमच्याकडं,” तो म्हणाला. “पोरीचं लगन ठरलं. तुमाला म्हाईतच हाय. पण त्याच्या आधी आप्पांचं करून टाकायचं म्हणून राह्यलो.”

आप्पा म्हणजे माझा भाऊ. करून टाकायचं म्हणजे काय, ते त्याला सांगावं लागलं नाही. हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, आणि तो आला नाही तर पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा. मग तो मेला असं धरतात. मी हे ऐकून होतो, पाहिलं कधी नव्हतं.

“महाराज तयार हायेत. माय तयार न्हाई.”

“मग राहू दे की.”

“काका, राहू दे म्हणायला सोपं हाय.” त्याने फ्लेक्सच्या टोकावर दगड ठेवला, नेमका सचिवांवर. “पित्तरपाटात सगळ्या गल्लीतले कावळे जेवतेत. आमच्या घराला तिथीच न्हाई. घास ठिवला तर माय म्हणती, जित्त्या माणसाला घास ठिवतो का. न्हाई ठिवला तर मला झोप न्हाई. बारा वर्सं झाले, मी नारळ घेतला न्हाई. तुमी कधी पाह्यलं का आमच्या घरी नारळ?”

मी आठवून पाहिलं. सणाला, वास्तूला, नव्या ट्रॅक्टरपुढं. खरंच नव्हता. त्याची बायको सुकं खोबरं तुकड्यांत आणायची, आणि ट्रॅक्टरपुढं लिंबू कापलं होतं. मला ते तेव्हा पुरोगामी वाटलं होतं.

“दुकानात नारळ दिसला की मला ती लाइनच दिसती,” तो म्हणाला. “आन् आता पत्रिका छापायचीय. आजोबाच्या नावाच्या आधी कैलासवासी लिहायचं का न्हाई, छापणारा विचारून राह्यला. काय सांगू त्याला? तुमी मायला समजावा. ती तुमचं ऐकती.”

वहिनी माझं ऐकते हे खरं होतं. इतकं खरं होतं, की घोटाळा त्यातूनच झाला. आम्ही ओसरीत आलो तेव्हा ती सुपारी कातरत बसली होती. मी तोंड उघडायच्या आधी तीच म्हणाली,

“भावजी, तुमी आज लई चांगलं बोलले.”

“काय बोललो?”

“का आपुन पाहून राह्यलो ते तवाचं हाय. आत्ता कुठं काय हाय, ते जगात कोणालाच सांगता येत न्हाई.” तिने अडकित्ता खाली ठेवला आणि मुलाकडे पाहिलं. “ऐकलं ना सगळ्या गावानं? अध्यक्ष व्हते, मास्तर व्हते. कोणी न्हाई म्हणलं का? मंग तुह्या महाराजाला कसं म्हाईत, का तुहा बाप न्हाई म्हणून?”

पुतण्याने माझ्याकडे पाहिलं. मी फ्लेक्सवरचा खगोलशास्त्रज्ञ होतो.

इथं स्वतःबद्दल थोडं. मी देवाधर्माचा माणूस नाही. पानांचा माणूस जाळल्याने काही होतं असं मला वाटत नाही. पण बारा वर्षं मी भावाला पाहतो. रोज नाही. बदनापूरच्या स्टेशनवर जालन्याकडे जाणारी गाडी लागते, माणसं डब्याकडे पळतात, आणि त्यांत एक पाठ दिसते. डावा खांदा जरा उतरलेला, मनगटाला दस्ती, म्हणजे हातरुमाल, गुंडाळलेली, मानेवर दाट काळे केस. भाऊ कधी गाडीत बसत नसे, दाराशी उभा राहायचा. ती पाठही दाराशी उभी राहते. मी पुलावरून खाली येईपर्यंत गाडी सुटते. दोनदा मी पोचलो आणि माणूस वळला. दोन्ही वेळा तो चांगला, सभ्य, अनोळखी माणूस निघाला. एकाने विचारलं, “काय झालं, काका?” मला काका म्हणाला. माझ्या भावासारखी पाठ असलेला माणूस मला काका म्हणत होता, यात काही चुकतंय हे मला तेव्हा जाणवलं, पण काय ते कळलं नाही.

चार दिवसांनी महाराज आले. मोटारसायकलवर, हेल्मेट घालून. गावात हेल्मेट घालणारे ते एकटेच. परलोकाची एवढी माहिती असलेला माणूस इहलोकाबाबत इतका सावध आहे, याचं मला बरं वाटलं. चाळिशीचे, बोलायला गोड. ओसरीत बसले, चहा घेतला. पुतण्याने मला बदनापूरहून बोलावून घेतलं होतं, समजवायला. वहिनीनेही बोलावलं होतं, साक्षीला. दोन्ही बाजूंनी बोलावलेला मी एकच साक्षीदार.

“माय,” महाराज म्हणाले, “बारा वर्सांची मर्यादा शास्त्रानं घातली. मी माझ्या मनानं न्हाई सांगून राह्यलो.”

“बारा का?” वहिनीने विचारलं.

“आता बारा म्हंजी बारा.”

“भावजी, ती तुमची फोटोतली गंगा. किती वर्सं झाली म्हणले?”

“बाराशे कोटी.”

“तिला अग्नी दिला का कोणी?” ती महाराजांकडे वळली. “बाराशे कोटी वर्सं झाली, तरी पुण्याचे शिकलेले लोक तिला पाहून राह्यले, नाव ठिवून राह्यले. गेली म्हणून कोणी म्हणलं न्हाई. आन् ह्यांचे तर बाराच झाले.”

महाराजांनी चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू हे प्रकरण त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हतंच. पुतण्या म्हणाला, “माय, ते आकाशाचं हाय.”

“आकाशाचं असंना. नियम एकच पाह्यजे.”

“काका,” पुतण्या माझ्याकडे वळला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. “एकच सांगा. बराबर सांगा. ते आता हाय का न्हाई?”

वहिनी माझ्याकडे पाहत होती. माझ्यावर तिचा विश्वास होता आणि मी त्याच्याशी प्रामाणिक राहायचं ठरवलं. खोटं सांगणं मला जमलं असतं असं नाही. मी म्हटलं, “आहे. एवढी मोठी वस्तू दिवा विझावा तशी विझत नाही. ती कुठंतरी असणार. पण या चित्रात आहे तशी नसणार. इतक्या काळात ती दुसऱ्या दीर्घिकांवर आदळली असेल, त्यांच्यात मिसळली असेल, या भुजा मोडल्या असतील, रंग बदलला असेल. नवीन तारे होणं बंद पडलं असेल.”

“म्हंजी समोर आली तरी?” वहिनीने विचारलं.

“काय?”

“समोर आली तरी वळखू येणार न्हाई?”

“नाही,” मी म्हटलं.

उत्तर बरोबर होतं. ते तोंडातून निघाल्यावर मला स्टेशनवरच्या पाठीत काय चुकत होतं ते समजलं. काळे केस. भाऊ आज सत्तरीच्या पुढं असता. त्याचे केस पांढरे झाले असते, खांदे दोन्ही उतरले असते, तो पळत्या गाडीच्या दाराशी उभा राहिला नसता. तो माझा मोठा भाऊ, आणि जी पाठ मी शोधत होतो ती माझ्यापेक्षा लहान माणसाची होती. बारा वर्षं मी गाड्यांमागे ज्याच्यासाठी जिना उतरत होतो, तो कुठंच नव्हता. आणि जो असेल, तो माझ्या शेजारी बाकावर बसून गेला असला तरी मला कळलं नसतं.

मी वहिनीकडे पाहिलं. तिला ते माझ्या आधी कळलं होतं. ती उठून आत गेली.

आतून पेटी ओढल्याचा आवाज आला. महाराज पुतण्याला हळू म्हणाले, “जल्दी न्हाई, पुढच्या म्हयन्यातबी चालतं.” वहिनी बाहेर आली तेव्हा तिच्या हातात चपला होत्या. राजूरहून आणलेल्या. तेल देऊन देऊन पट्टे काळे झाले होते. तिने त्या महाराजांपुढं जमिनीवर ठेवल्या.

“जे गेल्ते, त्यांचं करा,” ती म्हणाली. “काळ्या केसाचे, पळत गाडी धरणारे. ते काही आता येत न्हाई, मला समजलं. त्यांचं करा. अनवाणी गेल्ते, तर ह्याबी द्या त्यांच्यासंगं.” मग ती थांबली. “पण जे आत्ता असतील, म्हातारे, कुठं असतील तिथं, त्यांना मी पाह्यलं न्हाई. त्यांचं काही करायचं न्हाई. कुंकू त्यांचं हाय. ते मी पुसणार न्हाई.”

“माय, अशी अर्धी सोय शास्त्रात न्हाई.”

“मंग करा. सोय करायला तर तुमाला बोलावतेत लोक.”

महाराजांनी हेल्मेट मांडीवर घेऊन बराच विचार केला. शेवटी म्हणाले, “मी अग्नीपुरता. कुंकवाचं बायाबाया पाहून घेतेत. त्यात आमचा संबंध न्हाई.” धर्मसंकटातून सुटायला कामाची वाटणी इतकी उपयोगी पडते, हे मी एका कॉलेजात तीस वर्षं काढूनही शिकलो नव्हतो. महाराजांबद्दल माझं मत त्या दिवशी सुधारलं.

विधी फाल्गुनात ठरला, आणि मग लक्षात आलं की फाल्गुनात पळसाला पानं नसतात. अजिंठ्याच्या डोंगराकडचा सगळा पळस लालभडक फुललेला, आणि पान एकही नाही. पुतण्या भोकरदनहून पत्रावळी घेऊन आला. महाराजांनी एक उलटी करून पाहिली. तिला मागून प्लास्टिकचा पातळ कागद चिकटवलेला होता. “आप्पांना प्लास्टिकचं करता का?” ते म्हणाले. शेवटी नाल्याच्या काठी, तोडलेल्या बुंध्यांना फुटलेल्या खुरट्या फांद्यांवर पानं मिळाली. कोणत्या अवयवाला किती पानं, हे पोथीत ठरलेलं असतं. महाराज मोजत होते, पुतण्या लावत होता, मी दोरा देत होतो. हात झाले, पोट झालं, पाय झाले. डोक्याच्या जागी नारळ लागतो.

नारळ मी आणणार होतो. पुतण्या म्हणाला, “न्हाई काका, माझंच राह्यलंय ते.” तो सकाळी एकटाच मोटारसायकलवरून गेला. गावात तीन दुकानांत नारळ मिळतो, पण तो राजूरला गेला. मला कसं कळलं, तर परत यायला त्याला दोन तास लागले, आणि नारळाच्या शेंडीला गुलाल होता. त्याने तो पानांच्या माणसाच्या मानेवर ठेवला, आणि ठेवल्यावर हात लगेच काढला नाही. रांगेत जागा धरून ठेवावी तसा तो हात तिथं होता.

जमिनीवर जे पडलं होतं ते भावासारखं दिसत नव्हतं. कोणासारखंच दिसत नव्हतं. पण उंची बरोबर होती. पुतण्याने ती चपलांच्या मापावरून धरली होती. मी चपला पानांच्या पायांशी ठेवल्या.

अग्नी दिला. पानं पटकन गेली, तडतडत, आणि दोन मिनिटांत माणूस नाहीसा झाला. चपला राहिल्या. मग टायर पेटला. काळा, घट्ट, गिळता न येणारा धूर निघाला आणि वारा आमच्याकडे फिरला. महाराज मंत्र म्हणता म्हणता खोकू लागले, उपरणं नाकाला लावलं आणि उरलेले मंत्र त्या उपरण्यातून म्हटले. नारळ फुटल्याचा आवाज त्या धुरातूनच आला. पुतण्या दचकला, मग ढसाढसा रडला. बारा वर्षांपूर्वी तो रडला नव्हता. तेव्हा तो शोधत होता. घरी आलो, अंघोळ केली, तरी त्या धुराचा वास जाईना. वहिनी दारातच बसली होती. ती म्हणाली, “चपला जळाल्या वाटतं,” आणि तिने आम्हाला आत घेतलं.

पत्रिका छापून आली. आजोबांचं नाव होतं, त्याच्याआधी काहीच नव्हतं. छापणाऱ्याने दोनदा फोन करून खात्री केली होती. लग्न वैशाखात झालं. आचाऱ्याच्या चुलीवर सावलीला तेच फ्लेक्स उलटं बांधलं होतं, आणि अध्यक्षांचा चेहरा धुराने इतका काळवंडला होता, की ते स्वतः लग्नाला आले तेव्हा त्यांना दुसऱ्या वाटेने मांडवात नेलं. दीर्घिकेच्या भुजा तेवढ्या अजून स्वच्छ होत्या. मध्ये काळा डाग आणि त्याच्याभोवती फिरणारा उजेड.

मुलीला हळद लावताना बायांच्या कपाळाला कुंकू लावत गल्लीतली एक सवाष्ण आली. मी दारात उभा होतो. वहिनीसमोर तिचं बोट नेहमीसारखं थांबलं. आता तर थांबायला कारण होतं, सगळ्या गावाला माहीत होतं अग्नी दिलाय म्हणून. बोट थांबलं ते थांबलंच. वहिनीने या वेळी डोळे मिटले नाहीत. तिने त्या बाईचं मनगट धरलं आणि बोट आपल्या कपाळाला टेकवलं.

“लाव,” ती म्हणाली. “मी पाह्यलं न्हाई अजून त्यांना.”

पुढच्या बाईच्या कपाळाला बोट लागलं.

मी बदनापूरला परतलो. आता मी पाठीमागे धावत नाही. काळ्या केसांच्या पाठी गाडीच्या दाराशी उभ्या राहतात आणि जातात, मला त्यांच्यात काही दिसत नाही. तिथंच खरं सगळं बिघडलं. पूर्वी एकच माणूस मला दिसायचा, तो लांब असायचा, आणि तो भाऊ नसायचा. आता स्टेशनवर जेवढे म्हातारे आहेत, तेवढे सगळे. तिकिटाच्या खिडकीशी चष्मा पुसणारा. नळाशी वाकून, हातावर पाणी घेऊन पिणारा. खांबाला टेकून झोपलेला, तोंड उघडं.

मागच्या आठवड्यात माझ्या बाकावर एक म्हातारा येऊन बसला. पांढरे केस, दोन्ही खांदे उतरलेले. त्याने विचारलं, “जालन्याची गाडी गेली का हो?”

मी आधी त्याच्या पायांकडे पाहिलं. पायांत दुसऱ्या कोणाच्या तरी, मापाला मोठ्या चपला होत्या.

“यायचीय अजून,” मी म्हटलं, आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथं मला ओळखीचं काही दिसलं नाही. गाडी येईपर्यंत मी त्याच्याकडे पाहत राहिलो. गाडी आल्यावर तो उठला, सावकाश चढला, आणि आत रिकामी जागा असताना दाराशीच उभा राहिला.